चिमीच्या ओठांशी गेलेला थर्मामीटर

मित्रांनो, मी काचेचा जुना थर्मामीटर आहे, आणि आधीच कबूल करतो, मी मत्सरी आहे. पोटात पारा आणि मनात जळफळाट!

कारखान्यात माझी नळी घडली, पारा भरला, अंगावर बारीक रेघा ओढल्या. या घरात आलो तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! चिमीचे बाबा आज बस चालवतात, पण लहानपणी त्यांचा ताप मीच मोजायचो. मला काखेत धरलं की सगळं घर श्वास रोखून बसायचं. मग ते प्लास्टिकचं यंत्र आलं. दोन-चारदा टुकटुकलं की आकडा तयार! "किती पटकन सांगतं!" असं चिमीची आई म्हणाली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी रवानगी सुया-बटणांच्या खणात झाली. त्याचा सेल कायमचा संपावा, एवढीच माझी इच्छा उरली.

एका दुपारी दीड वर्षांची चिमी तापली. यंत्राने एकशे दोन दाखवलं. बाबांची मोठी बहीण, चिमीची आत्या, माझी जुनी पाठीराखी. ती म्हणाली, "त्या खेळण्यावर माझा विश्वास नाही. काचेचा काढते." मी हरखलो.

ती मला झटकत होती, तेवढ्यात चिमीचे डोळे वर गेले. अंग ताठ झालं, हातपाय झटके देऊ लागले. आईने ओरडून बाबांना बोलावलं.

"दातखीळ बसली! जीभ चावेल ती!" ओरडत आत्याने हातात होतं तेच, म्हणजे मलाच, चिमीच्या ओठांशी नेलं. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. बघ म्हणावं त्या प्लास्टिकवाल्याला, वेळेला कोण लागतं ते!

"ताई, हात काढ!" बाबांनी तिचं मनगटच धरलं. "तोंडात काही घालायचं नाही. डेपोत प्रथमोपचारात शिकवलंय आम्हाला." त्यांनी चिमीला कुशीवर वळवलं आणि आईला म्हणाले, "तू घड्याळ बघ. पाच मिनिटांवर गेलं तर ॲम्ब्युलन्स बोलवायची."

झटके दोन मिनिटांत थांबले. चिमी रडली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला. तिला लगेच दवाखान्यात नेलं. आत्याच्या मुठीत मीही गेलो.

"तापाची फिट होती," चिमीला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना येते. मेंदू अजून घडत असतो, ताप त्याला सोसत नाही आणि तो एकदम भलतेच इशारे सोडतो. घरात आधी कुणाला?"

"लहानपणी यालाच यायची," आत्या भावाकडे बघून पुटपुटली. "आम्ही तोंडात चमचा घालायचो. एकदा दात तुटला."

"अशी फिट घराण्यातही असते. बहुतेक मुलांची वाढत्या वयात थांबते, मेंदूला इजा होत नाही. आणि आकड्यावर जाऊ नका. कुणाला एकशे दोनला येते, कुणाला एकशे चारलाही येत नाही." मग त्यांना मी दिसलो. "हा तोंडात घालणार होतात? चावून फुटला असता तर काचा घशात गेल्या असत्या!"

आत्या ओक्साबोक्शी रडली. मला रडता येत नाही.

मित्रांनो, त्या यंत्राचा हेवा मला अजून वाटतो. पण घरातल्या बाळाला फिट आली, तर त्याला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, मोठ्यांना हाक मारा. तोंडात काहीही घालू नका. मी कितीही आसुसलेला दिसलो, तरी मलाही नाही.