हार घातलेली खुर्ची

मोफत गादी केंद्राची पाटी: नऊ हजार लोकांना गुण आला. तुम्ही कधी येणार?

द्वारकाबाईंच्या मुलीचा फोन पुण्याहून रविवारी येतो. आला तर.

खुर्चीला झेंडूचा हार.

नोकरीतली जुनी सवय: पोरगं अंगणवाडीत आलं नाही, की त्याच्या घरी जायचं.

मंठ्याच्या बाजारातल्या मोफत गादी केंद्रात सकाळीच गर्दी व्हायची. अंगाला झिणझिण्या आणणाऱ्या विजेच्या गादीवर चाळीस मिनिटं पडायचं. शुगर पळते म्हणे. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या द्वारकाबाई रोज यायच्या. घरी भिंतींशिवाय बोलायला कोणी नव्हतं. इथं केंद्रवाला कल्याण ‘आई’ म्हणायचा, शेजारच्या खुर्चीवरचे रखमाजी शेंगदाणे पुढं करायचे. कल्याणच्या सांगण्यावरून दोघांनीही शुगरच्या गोळ्या सोडल्या होत्या.

आठवडाभर रखमाजी आले नाहीत. मग एके सकाळी त्यांच्या खुर्चीला हार.

“मामा का येत न्हाईत?” कल्याण माइकवर गरजला. “कारण मामा बरे झाले! अशा सदतीस खुर्च्यांना हार घातलेत आपण. वाजवा टाळ्या!”

द्वारकाबाईंचे हात मांडीवरच राहिले.

“काहून रे, त्यांच्या घरी गेल्तास?”

“आई, बऱ्या माणसाला काय बघायचं?”

“गैरहजर म्हणजे बरा व्हय? मंग आमच्या अंगणवाडीत अर्धी पोरं पहिलवानच होती म्हण!”

लोक हसले. कल्याणही हसला आणि त्यानं गाणं लावलं.

द्वारकाबाई उठून रखमाजींच्या घरी गेल्या. दोन गल्ल्या पलीकडं, ते खाटेवर. पायाला पट्टी.

“जालन्याला नेल्तं. अंगठा काढला,” ते म्हणाले. “गोळ्या सोडल्या अन् शुगर पाचशेवर गेल्ती.”

“केंद्रात कळवलं न्हाई?”

“कोणाला? पडल्यापासून तुम्हीच पहिल्या आल्या, बाई.”

दुसऱ्या दिवशी भर केंद्रात द्वारकाबाईंनी हार काढला.

“ज्याला बरं वाटतं तो इथं बोलतो. ज्याचं बिघडतं तो घरी पडतो, अन् हा त्यालाबी बऱ्यात मोजतो. नऊ हजारांचं गणित ते एवढंच. कोणी आकडा सांगितला की विचारा, जे आले न्हाईत, त्यांच्या घरी कोण गेलं? अन् गोळ्या डॉक्टरला विचारल्याबिगर सोडू नका.”

चारपाच जण उठले. बाकीचे आपला नंबर धरून बसले. द्वारकाबाईंकडं बघायचंही त्यांनी टाळलं.

घरी येऊन द्वारकाबाईंनी शुगरची गोळी घेतली. “घेतली बरं का,” भिंतीला सांगितलं.

द्वारकाबाईंच्या केंद्रातल्या पहिल्या दिवशी, ओळख नसताना, रखमाजींनी उठून आपली खुर्ची त्यांना दिली होती.