हरणाचा घास

जळोचीतल्या त्या घरात रोज दुपारी दीड वाजता एक लढाई व्हायची. एका बाजूला वरणभाताची वाटी घेतलेली मुनिरा आणि दुसऱ्या बाजूला ओठ घट्ट मिटलेली सहा वर्षांची सिमरन. लढाई तासभर चाले. शेवटी वाटी अर्धी रिकामी होई, चार शितं सोफ्यावर सांडत आणि दोघी मायलेकी घामाघूम होत.

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरांत हेच चालतं. मुनिरा काही अडाणी नव्हती, रसायनशास्त्राची पदवीधर होती. पण शाळेच्या कार्डावर सिमरनच्या वजनाचा आकडा वाचला आणि तिच्या जिवाला घोर लागला. तीन डॉक्टर झाले. तिघांनीही नीट तपासून एकच सांगितलं, "मुलगी ठणठणीत आहे. तिची अंगकाठीच बारीक आहे. सारखं भरवू नका, तिला भूक लागू द्या."

भूक लागू द्या! म्हणजे लेकराला उपाशी ठेवायचं? मुनिरानं तिन्ही कागद कपाटात ठेवून दिले. सकाळी बदाम, अकराला चिकू, चारला शिरा हा तिचा क्रम चालूच राहिला.

काऊचा घास, चिऊचा घास ही युक्ती सिमरन साडेपाच वर्षांची होईपर्यंत चालली. मग मुनिरानं मोबाईलवर चिंकारा हरणाचा फोटो शोधून काढला. मोठे काळे डोळे, बारीक पाय. "हा घास हरणाचा," असं म्हटलं की सिमरनचं तोंड आपोआप उघडायचं. सहा महिने निभावलं. पण एका दुपारी घास तोंडापाशी आला आणि सिमरननं विचारलं,

"अम्मी, हरणाचा घास रोज मीच खाते. मग हरीण काय खातं?"

मुनिरा गडबडली. घास आत जावा एवढ्यासाठी बोलून गेली, "आपण जाऊ ना त्याच्याकडे! त्याचा घास त्याला देऊन येऊ."

सिमरननं घास गिळला आणि तशीच पळत जाऊन आजोबांना सांगितलं. झालं! सहल ठरली.

आजोबा म्हणजे मुनिराचे सासरे फकीरभाई, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. संध्याकाळी मुनिराचा नवरा तौसिफ मोबाईलवर नकाशा काढून बसला, तर ते हसायलाच लागले.

"मला नकाशा दाखवतुस व्हय रं? ह्या रस्त्यानं अठ्ठावीस वर्षं यष्टी हाकलीय. सकाळी भिगवणच्या अंगाला पाण्यावरची पाखरं बगायची. तितनं इंदापूरच्या माळावर, हरणांच्या रानात. तितंच एक झरा बी हाय. आन् सांजच्याला बावड्याला माझ्या भनीकडं जेवण. लिव्ह!"

तौसिफनं लिहिलं. मुनिरानं वेगळीच यादी लिहिली : थर्मामीटर, मीठ-साखरेची पुडी, दोन स्वेटर, कानटोपी, डासांचं मलम, उकळलेलं पाणी.

"आपण एका दिवसासाठी चाललोय ना? की चारी धाम आणि हज एकदमच करून यायचंय?" तौसिफनं विचारलं.

"तुम्ही गाडीचं बघा."

यादीत सर्वांत शेवटी एक मोठी कापडी पिशवी होती. तिच्यात पाण्यावरच्या पाखरांसाठी शेव होती, कारण शेजारच्या रश्मीच्या व्हिडिओत पाखरं हातातून शेव उचलत होती. हरणांसाठी चपात्या, गाजरं आणि बिस्किटांचे सहा पुडे होते. कुणाच्या घरी जाताना हात रिकामे नकोत, अशी त्या घरची रीत होती. मग हरणाच्या घरी तरी रिकाम्या हातानं कसं जायचं?

जानेवारीतल्या रविवारी ते पहाटेच निघाले. भिगवणपाशी धरणाच्या फुगवट्यावर सूर्य वर आला तेव्हा नाव पाण्यात होती. मुनिरानं शेवेची पहिली मूठ उधळली आणि पांढऱ्या कुरव पक्ष्यांचा एकच गोंगाट उठला! एकानं तौसिफच्या टोपीवर आपली आठवण ठेवली. सिमरन खदखदून हसली. पण मुनिरा दुसऱ्या हातानं तिला उकडलेलं अंडं भरवत होती, त्यामुळे ते हसू घशातच अडकलं आणि ठसका लागला.

दहाच्या सुमारास ते माळावर पोचले. डांबरी रस्त्याच्या कडेला वनखात्याचं फाटक होतं. आत नजर जाईल तिथवर पिवळं, कमरेएवढं गवत वाऱ्यावर हलत होतं. फाटकापाशी साठीतली एक बाई उभी होती. नऊवारी लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर खाकी टोपी. गावातल्या समितीची ही वाटाडी. नाव बनाबाई. सगळा जन्म तिनं याच माळावर मेंढरं राखली होती.

"गाडी हितंच ठिवायची," तिनं सांगितलं. मग तिची नजर कापडी पिशवीकडे गेली. "ताई, पिशवीत काय हाय?"

"मुलीचा खाऊ," मुनिरा म्हणाली.

सिमरननं मान वर करून आईकडे पाहिलं.

"पोरीचा असंल तर पोरीलाच द्या. हितल्या जितराबाला कायबी टाकायचं न्हाय," बनाबाई म्हणाली आणि चालू लागली.

फाटकातून थोडं आत गेल्यावर बनाबाईनं हात वर केला. सगळे थांबले. दूर बोरीच्या झुडपापाशी तीन चिंकारा उभे होते, अगदी फोटोतल्यासारखे! कान हलले, शेपट्या हलल्या आणि पुढच्या क्षणी तिघंही गवतात विरघळून गेले.

"पण हरणाचा घास?" सिमरनचे डोळे भरून आले. "अम्मी, तू म्हणाली होतीस!"

आईचं काळीज ते! बनाबाई फकीरभाईंना आणि तौसिफला लांडग्याच्या पावलांचे ठसे दाखवण्यात गुंग होती. मुनिरा हळूच म्हणाली, "आम्ही जरा गाडीतून स्वेटर घेऊन येतो."

फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला एका बाभळीखाली बिस्किटांचे रिकामे कागद पडलेले होते. म्हणजे इथं लोक देतात तर! मुनिराला धीर आला. तिनं चपात्यांचे तुकडे केले, गाजरं मांडली, दोन पुडे फोडून बिस्किटं पसरली. मग दोघी गाडीआड लपून बसल्या.

फार वेळ लागला नाही. रस्त्यापलीकडच्या गवतातून एक पाडस बाहेर आलं. पुड्याच्या कागदाचा आवाज त्याच्या ओळखीचा असावा. ते सरळ रस्त्यावर उतरलं, मधे थांबलं आणि नाक वर करून वास घेऊ लागलं.

आणि त्याच वेळी वळणावरून गाणी वाजवत उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, काठोकाठ भरलेल्या!

पाडस पळालं नाही. वाहनाला भ्यायचं असतं हे ते विसरलंच होतं. त्याचे डोळे बिस्किटांवर खिळले होते.

"सिमरन, हा फाटकाचा खांब धर! सोडायचा नाही!" मुनिरा ओरडली आणि धावली. हात धरल्याशिवाय मुलीला गल्लीसुद्धा ओलांडू न देणारी ती बाई, भर रस्त्यात उभी राहून ओढणी फडकवत होती! "थांबवा! अहो, थांबवा!"

ब्रेक करकरले. मागची ट्रॉली तिरकी झाली, उसाची एक मोळी धाडकन खाली आली. ट्रॅक्टर मुनिरापासून चार हातांवर थांबला. पाडसानं उडी मारली, बाभळीखालचं एक बिस्किट तोंडात धरलं आणि मगच ते गवतात पळालं.

"ओ ताई! मरायचंय का?" ड्रायव्हरचा चेहरा पांढरा पडला होता. "सासरी भांडण झालंय म्हणून माझ्या ट्रॅक्टरला मधी कशाला वडता?"

आवाज ऐकून बाकीचे धावत आले. तौसिफनं मुनिराला कडेला घेतलं. बनाबाईनं बाभळीखाली पाहिलं आणि ती खाली बसली.

"गेल्या थंडीत हितंच एक गेलं," ती म्हणाली. "चार म्हयन्याचं हुतं. जल्मल्यापासनं बगत हुते मी त्याला. गाडी उडवून निगून गेली. मी आले तवा त्याच्या तोंडात बिस्किट तसंच हुतं."

मुनिराला रडू फुटलं. "मावशी, मी मायेनं केलं हो. मुद्दाम नाही."

"व्हय गं पोरी, मायेनंच! वंगाळ मनानं हितं बिस्किट कुणीच टाकत न्हाय. समदी मायेनंच टाकत्यात. म्हणून तर कुणाला दरडावता बी येत न्हाय." बनाबाईनं एक कागद उचलून त्याची घडी केली. "भूक ही रानातल्या जिवाची शाळा हाय. भुकंनं ते हिंडतंय, हुंगतंय. बोराचा कवळा पाला कुठं फुटला, शेंगा कुठं पडल्या, समदं शिकतंय. आयतं घावलं की हिंडायचं इसरतंय, भ्यायचं बी इसरतंय. मग रस्त्याला येतंय. आपुन म्हणतो, आपुन भरवलं. खरं तर त्याचं शिकणं आपुन खाऊन टाकलं!"

"मग पाण्यावरच्या पाखरांची शेव?" सिमरननं बारीक आवाजात विचारलं.

"त्यास्नी मासं धरता येत्यात की बाय. तळलेली शेव काय त्यांची आय करती व्हय?"

सगळे हसले. पण सिमरन हसली नाही. ती आईजवळ गेली. "अम्मी, तू मावशीला खोटं सांगितलंस. पिशवीत माझा खाऊ नव्हता."

किती सरळ बोलतात मुलं! मुनिरानं डोळे पुसले. "हो, खोटं सांगितलं. चुकलं माझं. मावशी, माफ करा."

मग ती गुडघ्यांवर बसली आणि चपातीचा कण न् कण वेचू लागली. सिमरनही वेचू लागली. तौसिफनं लोकांनी टाकलेले जुने कागद गोळा केले. फकीरभाई ड्रायव्हरला उसाची मोळी वर चढवायला मदत करत होते, आणि ट्रॉलीला मागं लाल फडकं का न्हाय, म्हणून त्यालाच झापत होते.

"चला, झरा ऱ्हायलाय," बनाबाई म्हणाली. "पर चालावं लागंल."

मुनिरानं ती मोठी पिशवी गाडीत बंद केली. गडबडीत सिमरनचा डबासुद्धा त्यातच राहिला. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ते माळाच्या मधोमध पोचले होते. घड्याळात एक वाजला होता. मुनिरा परत फिरणारच होती. पण सिमरन पुढे बनाबाईचं बोट धरून चालली होती. मुंगूस कुठं राहतं, टिटवी अंडी कुठं घालते, सशाची लेंडी कशी ओळखायची! प्रश्न संपत नव्हते. मागं वळून बघायलाही तिला वेळ नव्हता.

एका ओघळीच्या तळाशी, उंबराच्या मुळांतून पाणी पाझरत होतं. परातीएवढाच झरा, पण तळाची वाळू दिसेल असा नितळ. "हात बुडवायचा न्हाय. पानाच्या द्रोणानं घ्यायचं. आपल्या मागनं समद्यास्नी प्यायचंय," बनाबाईनं बजावलं. सिमरननं पाणी पिऊन तोंड पुसलं. आणि मग तिनं ते शब्द उच्चारले.

"अम्मी, मला भूक लागली."

मुनिराला वाटलं, आपल्या कानांचा काही घोटाळा होतोय. सहा वर्षांत पहिल्यांदा! तिनं तौसिफकडे पाहिलं. तौसिफनं फकीरभाईंकडे पाहिलं. फकीरभाईंनी वर आकाशाकडे पाहिलं.

बनाबाईनं कमरेला बांधलेलं भाकरीचं फडकं सोडलं. बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. तिनं सगळ्यांना वाटून दिलं. सिमरननं भाकरी मोडली. मुनिराचा हात सवयीनं पुढे आला. बनाबाईनं नुसतं पाहिलं. तो हात अर्ध्यावर थांबला, घुटमळला आणि मुनिराच्या मांडीवर परत गेला. आयुष्यात इतकं जड काम तिनं केलं नव्हतं!

सिमरननं अर्धी भाकरी संपवली. चटणी तिखट लागली तेव्हा हाय हू करत गूळ खाल्ला, वर आणखी चतकोर मागून घेतली. शेवटी एक तुकडा उरला.

"पोट भरलं," ती म्हणाली.

एवढा एकच घास! मुनिराच्या ओठांवर शब्द आले होते. तिनं ते गिळले आणि तो तुकडा स्वतःच खाल्ला.

संध्याकाळी बावड्याला फकीरभाईंच्या बहिणीनं, म्हणजे फुपूनं, अंगणात पाय ठेवताच सिमरनला कुशीत ओढलं. दुसऱ्या हातात खिमा-रोटीची ताटली तयारच होती. "किती गं वाळलीस! ये, एक घास माझ्या हातचा!"

सिमरननं आईकडे पाहिलं.

"फुपू," मुनिरा हसून म्हणाली, "ताटली झाकून ठेवा. भूक लागली की ती स्वतः मागेल."

"म्हंजी? आमी नातीवर माया बी करायची न्हाय का?"

"करा ना! तिला तुमच्या शेळ्या दाखवा, तुमच्या बोरीवर चढवा. भूक माया केल्यानंच लागते, भरवल्यानं नाही."

फुपूचा चेहरा जरा फुगला. तासाभरानं मात्र धुळीनं माखलेली सिमरन चुलीपाशी हजर झाली. "फुपूदादी, माझी ताटली कुठाय?" आणि फुपूचा सगळा राग वितळला.

दुसऱ्या दिवशी रश्मी गच्चीवर भेटली. पुढच्या रविवारी तीही पाखरं बघायला जाणार होती. "शेव किती नेऊ गं?" तिनं विचारलं. मुनिरानं तिला बसवून घेतलं आणि त्या पाडसाची सगळी हकीकत सांगितली. रश्मीनं शेवेऐवजी तिच्याकडून तौसिफची दुर्बीण मागून घेतली.

मित्रांनो, सुट्टीच्या दिवशी आपण रानात, पाण्यावर, झऱ्यावर जरूर जाऊ. मुलांना नेऊ, खूप चालवू. पण तिथल्या जिवांना आपला घास नको आहे. त्यांना त्यांचं रान हवं आहे, त्यांची भीती हवी आहे आणि त्यांची भूकही हवी आहे. आपल्या मुलांचंही फारसं वेगळं नाही. खरी माया करायची तर कधी कधी पुढे गेलेला हात मागे घ्यावा लागतो.

आता जळोचीतल्या त्या घरात दुपारी दीड वाजता शांतता असते. भिंतीवर चिंकाराचा फोटो लावलेला आहे. सिमरन जेवता जेवता त्याच्याकडे बघते आणि म्हणते, "तू तुझं खा हं. मी माझं खाते."