ओस्टॅपचा उष्टा कप
माझ्या टापटिपीच्या किड्यापायी एक माणूस मरता मरता वाचला. आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणी मला शहाणी समजायला नको.

छप्पन सालचा जानेवारी. लग्नाला चार महिने झाले होते. अलास्का हमरस्त्यावर, युकॉनच्या जंगलात माझ्या सासूबाईंचं, हिल्माबाईंचं, लॉज होतं. सहा खोल्या, एक पेट्रोलपंप आणि शेगडीवर कायम कॉफी. उत्तरेला पुढचं लॉज गस नावाच्या माणसाचं, बत्तीस मैलांवर. मध्ये चिटपाखरू नाही. नेहमीच्या ट्रकवाल्यांचे कप आमच्याकडे खुंटीला असायचे. ट्रकवाला निघाला की त्याचा उष्टा कप टेबलावर तसाच ठेवायचा. तो पोहोचल्याचा गसचा फोन आला, की मगच धुऊन टांगायचा. सासूबाईंनी हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

त्या दिवशी पारा उणे पन्नासच्या खाली होता. नवरा सामान आणायला व्हाइटहॉर्सला गेलेला. अकरा वाजता ओस्टॅप, आमचा नेहमीचा ट्रकवाला, कॉफी पिऊन उत्तरेला निघाला. मी टेबल पुसलं आणि पुसता पुसता त्याचा कपही धुऊन टांगला.

दोन वाजता सासूबाई जनरेटरच्या खोलीतून आल्या. खुंटीकडे बघून म्हणाल्या, "चला, ओस्टॅप पोहोचला. आज कोणाचा घोर नाही."

"आई, कप मीच धुतला. चुकून."

"फोन आला का?"

"नाही."

त्यांनी गसला फोन लावला. ओस्टॅप पोहोचलाच नव्हता. गसची गाडी दोन दिवस बंद होती, आणि असल्या थंडीत रस्त्याला दुसरं कोणी असणार नव्हतं.

"अति तिथं माती," सासूबाई एवढंच म्हणाल्या. मग कोट घालायला लागल्या. त्यांचा खुबा दुखरा, पायरी चढतानाही कण्हायच्या.

"मी जाते," मी म्हटलं.

"तू बर्फात कधी गाडी चालवलीयस?"

"नाही. पण कप मी धुतलाय."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि कोट माझ्या अंगावर टाकला. पिकअपचं तेल थंडीत गोठू नये म्हणून आम्ही रोज काढून शेगडीजवळ ठेवायचो. ते त्यांनी स्वतः इंजिनात ओतलं. "हळू जा. ब्रेक दाबू नकोस. तो नाही दिसला तर गसपर्यंत जा, पण मध्ये थांबू नकोस."

रडू येत होतं. रडले तर पापण्या चिकटतील म्हणून रडले नाही. काचेवर आतूनच बर्फ धरत होता. तो एका हाताने खरवडायचा, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरायचं. चढ आला की ओस्टॅपला शिव्या द्यायचे, उतार आला की स्वतःला.

एकोणीस मैलांवर काळा धूर दिसला. डिझेल गोठून ट्रक बंद पडला होता आणि ओस्टॅप रस्त्याच्या कडेला टायर जाळून बसला होता. शेवटचा टायर, तोही अर्धा जळालेला.

"हिल्मा कुठाय?" त्याने विचारलं. ओठ हलत नव्हते.

"मी आलेय. मीच तुझा कप धुतला, म्हणून उशीर झाला."

तो लंगडत उठला. "आधी गाडीत घे," म्हणाला, "मग भांडू."

त्याची पायाची दोन बोटं गेली. भांडला मात्र कधीच नाही. पुढे तीस वर्षं आमच्याकडे यायचा आणि निघताना मुद्दाम कप टेबलाच्या मधोमध ठेवून म्हणायचा, "वहिनी, हात आवर."

रस्ता सरळ करताना दुसरीकडून नेला, लॉज बंद पडलं, सासूबाई गेल्या, नवराही गेला. मी व्हाइटहॉर्सला आले. ओस्टॅपही म्हातारपणी इथेच राहायचा. रविवारी कॉफीला यायचा आणि घरी पोहोचला की फोन करायचा, अंतर चार गल्ल्यांचं असलं तरी.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो कॉफी पिऊन निघाला आणि दुसऱ्या गल्लीत गाडी कडेला लावून, स्टिअरिंगवर डोकं टेकून गेला. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. मी खूप रडले. या वेळी पापण्यांचं भय नव्हतं.

परवा नात आली होती. स्वयंपाकघर आवरता आवरता म्हणाली, "आजी, या कपात बुरशी धरलीय गं. धुऊन टाकू?"

"फोन आला का?" मी विचारलं.

तिने उचललेला कप परत टेबलावर ठेवला.

"मग राहू दे तिथंच."