मार्फत

सदतीस वर्षं मी टपाल कचेरीत पत्रं लावली. पत्ता वाचायचा, त्या त्या खणात टाकायचं, संपलं. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट मी कधी उजेडाला धरूनसुद्धा पाहिलं नाही. आणि आता जावई सांगत होता की इतकी वर्षं मी परक्याचंच पत्र वाचतोय.

जावई धर्मशास्त्र शिकवतो. माणूस सरळ, पण विचारलं की उत्तर देतो, एवढाच काय तो त्याचा दोष. माझ्या बायकोच्या हृदयाची झडप बदलायची होती, बुधवारी सकाळी. आत नेताना मी तिला आमचं बायबलमधलं वचन वाचून दाखवायचं, असं ठरलं होतं. लग्नापासून त्या वचनाचं कार्ड आरशाच्या चौकटीत खोचलेलं आहे. भिऊ नको, तुझा उजवा हात मी धरलाय, असं देव सांगतो ते. मंगळवारी दुपारी जेवताना मी सहज विचारलं, हे देव नेमकं कुणाला सांगतोय?

"इस्राएल लोकांना, बाबा," तो म्हणाला. "वर नावच आहे त्यांचं."

माझा घास तोंडातच फिरायला लागला. मग आपलं काय, असं विचारल्यावर त्याने दोन मतं सांगितली. काही जण म्हणतात, वचन आजही इस्राएलचंच, आपण उगाच मध्ये शिरू नये. काही म्हणतात, ते त्यांच्याकडून काढून मंडळीला, म्हणजे आपल्या चर्चला दिलं. तिसरं मत सांगायच्या आत लेकीने त्याला टेबलाखालून लाथ मारली. ती मला लागली.

दुपारभर मी घरात येरझाऱ्या घालत होतो. पहिलं मत खरं असेल, तर उद्या मी बायकोला दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवणार. दुसरं खरं असेल तर त्याहून वाईट. कधी सोडणार नाही, असं त्या लोकांनाही सांगितलंच होतं की! ज्याने एकदा पत्ता बदलला, तो पुन्हा बदलणार नाही कशावरून? ती जाईल ही भीती होतीच. पण तिच्या डोळ्यांत बघून पोकळ शब्द बोलायची भीती जास्त होती.

सकाळी डॉक्टरांनी माझी सही घेतली. शंभरात सहा जण वाचत नाहीत, असं सांगितलं. ती हिरव्या झग्यात पडून होती, अंगठी माझ्या खिशात, कवळी डबीत, आरशातलं कार्ड माझ्या हातात.

"वाचा," ती म्हणाली.

मला वाचवेना. शेवटी सगळं सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं.

"लग्नाआधी मला पत्रं पाठवायचात," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "पाकिटावर काय लिहायचात?"

"तुझं नाव. खाली मार्फत, आणि तुझ्या आत्याचं नाव."

"त्यामुळे आत्याची स्वतःची पत्रं बंद पडली का?"

"नाही."

"आणि माझी तिने ठेवून घेतली?"

"एकही नाही. पण त्यावर तुझं नाव होतं गं. यावर नाही."

"मग लिहा ना. पेन तर झोपेतही खिशाला असतं तुमच्या."

आयुष्यात मी कुणाच्या पत्त्याला हात लावला नव्हता. कार्डाच्या कडेला तिचं नाव लिहिलं, खाली लिहिलं, मार्फत इस्राएल. अक्षर नवशिक्यासारखं वेडंवाकडं आलं. मग वाचलं, शेवटपर्यंत. सिस्टर खाट ढकलायला लागल्या तेव्हा तिने माझा हात गच्च धरला. तिचा हात गार पडला होता.

"मला फार भीती वाटतेय हो," ती म्हणाली.

दार बंद झालं आणि वरचा लाल दिवा लागला. रजिस्टर पत्राची पोच येत नाही तोवर ते मिळालं असं धरायचं नाही, हा आमच्या कामाचा नियम. मी बाकावर बसून राहिलो. तासाभराने जावई आला, शेजारी बसला. मी कार्ड त्याच्यापुढे धरलं.

"असं लिहिलं तर पोचतं का?" मी विचारलं.

त्याने ते दोनदा वाचलं. मग दिव्याकडे बघत राहिला. विचारलं की उत्तर देणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने उत्तर दिलं नाही.