लालीबाईची मोटर

मारेगावच्या बसस्टँडमागं साजिदचं रिपेरिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, दुरुस्त होऊन पडलेल्या वस्तूंचा कोंडवाडा! कापसाचे भाव पडले, सरकी काढायची जिनिंग गिरणी बंद पडली आणि लोकांनी एक नवीच रीत काढली. बिघडलेला टीव्ही आणून टाकायचा, 'उद्या नेतो' म्हणायचं आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही. रेडिओ, मिक्सर, पोरांच्या रिमोटच्या गाड्या, सगळं धड होऊन फळीवर धूळ खात होतं. साजिद रोज सकाळी ती धूळ झटकायचा. विकावं तर माल आपला नाही, फेकावं तर जीव होत नाही. काम करून थकलेला माणूस निदान झोपतो तरी. साजिद बसून बसून थकला होता, आणि त्या थकव्यावर झोपेचा काही इलाज चालत नाही.

त्याला नाद एकच, विमानाचा. खरं नव्हे हो, थर्मोकोलचं! टीव्हीच्या खोक्यातला थर्मोकोल कापून पंख करायचे, बांबूच्या कामट्या लावायच्या आणि मोटर बसवायची ती पोरांच्या मोडक्या गाडीची. त्याही अशाच गाड्या, ज्या गिऱ्हाइकानं स्वतःच्या तोंडानं 'ठेवून घे' म्हटलेल्या. नाद चांगला, पण यश म्हणाल तर भोपळा. लहान गाडीची मोटर पंखा फिरवायची, वारा छान यायचा, विमान मात्र जागचं हलायचं नाही. सेल वाढवावेत तर वजनानं नाक जमिनीत. "टेबलफॅन मस्त बनवला मिस्त्री," म्हणून बसस्टँडवरचे लोक हसायचे. आता त्यांचं तरी काय चुकलं?

फळीवर सगळ्यात वर मात्र एक मोठी लाल गाडी होती. तांड्यावरच्या लालीबाईची. तिच्या लेकानं सुरतेहून आपल्या थोरल्या पोरासाठी पाठवलेली. आतली एक तार तुटली होती, ती साजिदनं दुसऱ्याच दिवशी जोडली. पण लालीबाई तांड्यातल्या लोकांबरोबर कामाला बाहेर गेली ती गेलीच. दोन दिवाळ्या उलटल्या. त्या गाडीत लठ्ठ मोटर होती आणि एकाला एक चिकटवलेल्या सेलांची दमदार बॅटरी. धूळ झटकताना साजिदचा हात तिथं जरा जास्तच वेळ रेंगाळायचा.

एकाच्या मालातला स्क्रू दुसऱ्याच्या मालात जाणार नाही, अशी साजिदची ख्याती होती. तालुक्यात त्याच्याजवळ दुसरं मिरवण्यासारखं होतंच काय! आणि एके दिवशी त्यानं ती लाल गाडी खोलली. नेमकी त्याच वेळी त्याची बायको नाहिद डबा घेऊन आली.

"किसी की अमानत है वो," ती म्हणाली.

"वापस बिठा दूंगा. एक बार उडने तो दे."

नाहिदनं डबा ठेवला आणि निघून गेली. ती भांडली नाही, आणि ते साजिदला जास्त लागलं. पण हात थांबले नाहीत.

मोटर जोरात फिरते आणि मोठा पंखा लावला की तापते, एवढं तो आधीच्या फजितीतून शिकला होता. म्हणून त्यानं गाडीचीच दातेरी चक्रं मध्ये घातली. पंखा सागाच्या पट्टीतून तासून काढला. गाडी डावी-उजवी वळवणारी लहान मोटर शेपटीला लावली. बॅटरी इतके दिवस उपाशी होती, लाइट असेल तेवढा वेळ चार्ज करायची आणि लोडशेडिंग आलं की कपाळाला हात लावून बसायचं. असं करत करत एकदा पंखा फिरला आणि विमान टेबलावरून स्वतःहून पुढं सरकलं. साजिदनं झटकन ते धरलं. किती वर्षांनी त्याची छाती अशी धडधडली होती!

मग वारा पडलेली एक सकाळ आली. तो विमान काखेत मारून निघणार, तोच पायरीवर लालीबाई उभी.

"वळखलं का मिस्त्री? माही गाडी हाय ना?"

साजिदनं विमान पडद्यामागं सारलं. "हाय ना, याडी. काहून नसंन?" तांड्याच्या बोलीत आईला याडी म्हणतात, तोही तिला तेच म्हणायचा.

"लेक आला सुरतेहून. धाकट्या नातवाले पैल्यांदाच पाहून राह्यलो मी. उद्या परत जातेत ते. त्याले म्हटलं, तुह्या दादाची गाडी आणतो."

"थोडंसं काम राह्यलं," साजिद म्हणाला. "दुपारून घेऊन जाजो."

"दोन सालात नाई झालं, ते दुपारपावतर होते का रे?" ती हसली आणि पायरीवर टेकली. "होऊ दे. तुह्याकडं हाय म्हणून मले कधी फिकर नाई वाटली."

घ्या! शिवी दिली असती तर बरं झालं असतं. साजिद विमान घेऊन मागच्या दारानं निघाला. मोटर काढून गाडीत बसवायला तास पुरे, आणि उडवायला किती वेळ लागतो? काम राहिलंय म्हटलं ते खोटं थोडंच होतं, असं तो स्वतःला समजावत होता. चोरी करणारा माणूस हिशेब फार पक्का लावतो.

जिनिंगच्या आवारात चिटपाखरू नव्हतं. जिथं कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, तिथं गुडघाभर गवत माजलेलं. साजिदनं गाडीच्याच रिमोटचं बटण दाबलं, दोन पावलं पळाला आणि विमान सोडून दिलं.

ते पडलं नाही. आधी खाली वाकलं आणि मग वर निघालं. गोदामाच्या पत्र्याच्या वर गेलं, वळलं, उन्हात पांढरंशुभ्र चमकलं. "या अल्लाह!" साजिद ओरडला. बंद जिनिंग, फळीवरचा माल, बाजारातली मरगळ, काही म्हणता काही त्याच्या डोक्यात उरलं नाही. तो एकटाच मोठ्यानं हसत होता.

दुसऱ्या वळणाला बॅटरी दमली. गाडी दमली तर वाटेत थांबते, विमानाला थांबायची सोय नाही. ते गवताकडं झुकलं. वर उचलावं म्हणून साजिदनं बटण आणखी घट्ट दाबलं. विमान गवतात घुसलं, पंखा अडकला, तरी त्याचं बोट उठेना. पोराटोरांना तो रोज सांगायचा की चाक अडलं तर बटण सोडा, मोटर जळेल. स्वतः मात्र येडपटासारखा दाबून उभा. धूर दिसला तेव्हा शुद्धीवर आला.

तो परतला तेव्हा लालीबाई तिथंच बसून होती. साजिदनं मोडकं विमान आणि गाडीचा सांगाडा तिच्यापुढं ठेवला.  सगळं सांगितलं, पडद्यामागचंही.

"तुही मोटर मी जाळली, याडी. दुसरी भेटत नाई इथं. मले जे बोलायचं ते बोल."

लालीबाईनं गाडी उलटी करून चाकं फिरवून पाहिली. "फिरतेत ना? दोरी बांधून दे. लहान हाय पोरगं, तेच ओढत नेईन."

साजिद दोरी बांधायला बसला. तिनं विमानाचा तुटका पंख उचलला, हलका आहे म्हणून नवल केलं.

"हे उडलं का मंग?"

"उडलं."

"लय वर?"

"पत्र्याच्या वर." एवढ्या शरमेतही त्याचा चेहरा उजळला आणि त्याचीच त्याला आणखी शरम वाटली.

लालीबाईचं तोंड तेव्हा पहिल्यांदा उतरलं.

"मी इथंच त बसलो होतो रे," ती म्हणाली. "एका शब्दानं सांगतलं असतं, त मीबी आलो असतो. नातवाले सांगाले झालं असतं मले, तुह्या गाडीची मोटर आभायात गेलती, म्या माह्या डोयानं पाह्यली."

साजिदनं दोरीची गाठ मारून गाडी तिच्यापुढं केली. तिनं गाडी काखेत घेतली आणि ती बस पकडायला गेली.