रविवारची किल्ली

"धोंडीराम, ही टाकी कधी लावली?"

"काल सांजच्याला की बाई. तुमच्याच म्होरं."

"मग काटा इतका खाली कसा?"

धोंडीरामने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खांद्यावरच्या फडक्याने उगाचच टाकीचं डोकं पुसलं. "मला काय म्हाईत? मी काय गॅस पितो व्हय?"

प्रेमला खुदकन हसली. ती नवी नर्स होती, तिला सगळ्याचंच हसू यायचं. मला आलं नाही. ऑक्सिजनची एक भरलेली टाकी एका रोग्याला दिवसभर आरामात पुरायला हवी. तीन नंबरच्या खाटेची टाकी मात्र अर्ध्या दिवसातच मान टाकत होती. आठवड्यातली ही तिसरी वेळ.

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाल्याने शपथ घेतली की मी दूध परत मोजायची. इस्पितळात अकरा वर्षं काढल्यावर तर मला कापसाच्या बोळ्यातसुद्धा काळंबेरं दिसायला लागलं होतं. त्यात धोंडीरामचा मेव्हणा सात रस्ता चौकात वेल्डिंगचं दुकान चालवायचा. वेल्डिंगला काय लागतं? ऑक्सिजन. पाणी कुठं मुरतंय हे कळायला मला आणखी पुरावा नको होता.

अठ्ठ्याहत्तर सालची थंडी होती ती. फ्लूची साथ आली होती. अर्धं सोलापूर चार दिवस खोकून कामाला लागलं, पण काहींच्या छातीत ते दुखणं उतरलं. तशा रोग्यांसाठी वॉर्डाच्या टोकाला काचेच्या दाराची एक खोली केली होती. चार खाटा, चार टाक्या. डॉक्टर म्हणायचे, "हा विषाणूचा न्यूमोनिया आहे, पेनिसिलिनला दाद देत नाही. शरीर लढतंय तोवर त्याला दम पुरवायचा, एवढंच आपल्या हातात." श्वासाचं मशीन आमच्याकडे नव्हतं. तो दम म्हणजे त्या टाक्या, आणि त्या वाहून आणणारा पन्नाशीचा धोंडीराम.

तीन नंबरवर वळसंगचे बसलिंगप्पा होते. गावात किराणा दुकान, अंगाने दणकट, पण आणलं तेव्हा नखं निळी पडली होती. त्यांच्या उशाशी बायको, सुंदरम्मा. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, आणि नजर सतत माझ्या हातांवर. मी सुई भरली की ती सुई बघायची, मी काही लिहिलं की कागद बघायची. एक संशयी बाई दुसरीला बरोबर ओळखते. आमचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही.

आम्ही दोघी नर्सेस, रोगी चार. सगळ्यांवर नजर ठेवणं कसं जमणार? म्हणून मी नातेवाइकांनाच कामाला लावायची. टाकीच्या तोंडाशी पाण्याची काचेची बाटली असते, त्यातून ऑक्सिजन बुडबुडत जातो. ती दाखवून मी सुंदरम्माला म्हटलं होतं, "हे बुडबुडे येतात तोवर काळजी नाही. बंद झाले की मला हाक मारा."

"म्हंजी ह्येच त्येंचा जीव म्हना की," ती म्हणाली होती.

"तसंच समजा," असं म्हणून मी पुढच्या खाटेकडे गेले. कुणाला समजावत बसायला वेळ होता कुठे?

शेजारच्या चार नंबरवर शरच्चंद्र गुरुजी होते, निवृत्त हेडमास्तर. त्यांची तब्येत जास्त बिघडलेली, म्हणून त्यांना ऑक्सिजनही जास्त लावलेला. सुंदरम्मा दोन्ही बाटल्यांकडे आळीपाळीने बघायची. एकदा तिने विचारलंच, "त्येंच्या बाटलीत लई येतंय की. आमच्या मालकाला कमी का वो? आमी खेड्याचे म्हनून?"

"त्यांना जास्त लागतो, यांना कमी लागतो. डॉक्टरांनी ठरवलंय."

"आमच्यासाठी कोन ठरवनार? हितं आमचं कोन हाय?"

मी गुरुजींची नाडी बघायला वळले. इस्पितळात हे रोजचं बोलणं. तिला मी पक्षपाती वाटत होते, मला धोंडीराम चोर वाटत होता, आणि धोंडीरामला काय वाटत होतं ते कुणी विचारलंच नाही.

मी एक युक्ती केली. चिकटपट्टीचे तुकडे कापून त्यांवर सही केली आणि कोठारातल्या भरलेल्या टाक्यांच्या तोंडावर लावले. दुसऱ्या दिवशी पट्टी जशीच्या तशी असलेली टाकी मी समोर उभी राहून लावून घेतली. तीही दुपारपर्यंत रिकामी! शहाण्या बाईने तिथे थांबून विचार केला असता. मी मात्र म्हटलं, हा पट्टी न फाडता गॅस काढतो म्हणजे भलताच पोचलेला दिसतो. त्याच दिवशी मी अधीक्षकांकडे लेखी तक्रार दिली.

शनिवारी हुकूम आला. धोंडीरामला मेमो, आणि चौकशी होईपर्यंत कोठाराची किल्ली त्याच्याकडून काढून ऑफिसातल्या कुंडलिक क्लार्ककडे. सोळा वर्षं कमरेला असलेली किल्ली त्याने सगळ्यांसमोर सोडून टेबलावर ठेवली.

"बाई, तुमी मला इचारायचं तरी व्हतं," एवढंच म्हणाला.

त्याच शनिवारी बसलिंगप्पांची नखं गुलाबी दिसली. त्यांनी डोळे उघडले, बायकोकडे पाहून "नीरू" म्हणाले. कानडीत पाणी मागितलं. सुंदरम्माने चमच्याने पाणी पाजलं आणि पदर तोंडात कोंबून रडली. डॉक्टर खूश झाले. "छान! आता ऑक्सिजन थोडा कमी करू." त्यांनी स्वतः टाकीच्या तोंडावरचं धार कमी-जास्त करायचं चाक फिरवलं आणि बाटलीतले बुडबुडे हळू झाले. सुंदरम्माचा चेहरा पडला तो मी पाहिला. मला वाटलं, जागरणाने पडला असेल.

रविवारी सकाळी काटा अर्ध्यावर होता. कमी केलेल्या धारेला तेवढा संध्याकाळपर्यंत सहज पुरणार होता. खोलीत एक जादा टाकी असायची, ती सकाळीच गुरुजींना लावावी लागली. आणखी एक मागवून ठेवावी, असं मनात आलं होतं. पण किल्ली कुंडलिककडे, कुंडलिक साखर पेठेत घरी, ऑफिस बंद. संध्याकाळी बघू, असं मी म्हटलं.

दीड वाजता सुंदरम्माची हाक आली. "बाई! बुडबुडं! बुडबुडं थांबलं!"

मी धावले. काटा शून्यावर. बसलिंगप्पांची छाती भात्यासारखी उडत होती आणि ओठ डोळ्यांदेखत काळे पडत होते. मी रबरी पिशवी त्यांच्या तोंडावर धरून दाबायला लागले आणि प्रेमलाला डॉक्टरांकडे पिटाळलं. गुरुजींची टाकी काढावी तर ते त्याच टाकीवर जगत होते, आणि एक-दोन नंबरच्या रोग्यांचंही तेच.

"धोंडीराम! टाकी आण!"

"किल्ली कुटं हाय बाई?" तो दारातून ओरडला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. मग माझ्या उत्तराची वाट न बघता पळाला. थोड्या वेळाने कोठाराच्या बाजूने लोखंडावर लोखंड आपटल्याचे घाव ऐकू यायला लागले. जाडजूड सरकारी कुलूप होतं ते. त्याने पान्याने ठोकून ठोकून फोडलं आणि टाकी गाडीवर घ्यायच्या ऐवजी खांद्यावर मारून आणली. वीस मिनिटं गेली होती. डॉक्टर आले होते. त्यांनी बसलिंगप्पांच्या छातीवरून हात काढला आणि मान हलवली.

धोंडीरामने टाकी जमिनीवर ठेवली. त्याच्या पंजातून रक्त येत होतं. दारात गर्दी जमली होती, तिच्यातून एक मुकादम म्हणाला, "कुलूप फोडलंस व्हय रे? आता तुझी नोकरी गेली बघ." धोंडीराम भिंतीला टेकून खाली बसला.

सुंदरम्मा तेव्हा रडली नाही. तिने माझा हात धरला आणि मला पडद्यामागे ओढून नेलं.

"बाई, एक इचारू? मी त्ये चाक फिरवीत व्हते."

"कुठलं चाक?"

"त्या टाकीचं. रोज. बुडबुडं जास्ती यावं म्हनून. तुमच्या चपलांचा आवाज आला की परत खाली करीत व्हते. काल डाक्टरनी लईच कमी केलं की वो. मला वाटलं, ह्येनी हात झटकले आता. म्हनून आज सकाळधरनं मी पुरं फिरवलं." तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. "त्यानं संपली का टाकी? खरं सांगा. त्येनला मीच मारलं का?"

सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात जुळलं. त्या रिकाम्या टाक्या, न फाटलेली पट्टी, मेव्हण्याचं दुकान. मला स्वतःची लाज वाटली. बुडबुडे म्हणजे जीव, असं तिला कुणी शिकवलं? मीच. किल्ली कुणामुळे साखर पेठेत गेली? माझ्यामुळे. तिने चाक फिरवलं, हेही तितकंच खरं होतं. पण यातलं किती तिच्या पदरात घालायचं? ते घेऊन ती वळसंगला कशी जगणार होती?

"नाही," मी म्हणाले. "चाकाने काही होत नाही. टाकी किती उरली ते बघायचं काम माझं. मी आज बघितलंच नाही. विसरले."

तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग तिने माझा हात सोडला.

"विसरलीस?" ती म्हणाली. अहोजाहो गेलं. "माझा नवरा हितं तडफडत व्हता, आन् तू विसरलीस?"

मग ती रडायला लागली. मोठ्याने, छाती पिटून, मला शिव्या देत. सगळा वॉर्ड ऐकत होता. मी तिथेच उभी राहिले.

सोमवारी तेच मी अधीक्षकांना लिहून दिलं. मागच्या टाक्याही माझ्याच हलगर्जीपणाने वाया गेल्या, चाक कमी करायचं राहून गेलं, धोंडीरामचा काही दोष नाही, कुलूप मी फोडायला सांगितलं. अधीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "अकरा वर्षांत तुम्ही काही विसरल्याचं मला आठवत नाही, यशोदाबाई." मी म्हटलं, "आता विसरले." त्यांना संशय आला होता, पण सही केलेला कागद समोर होता. धोंडीरामचा मेमो मागे घेतला आणि किल्ली परत त्याच्या कमरेला गेली. माझी बढती थांबली ती कायमची, आणि मला त्या खोलीतून काढून बाहेरच्या रोग्यांना इंजेक्शनं देण्याच्या खोलीत बसवलं. धोंडीरामची मी माफी मागितली. तो "असू द्या" म्हणाला. पण त्यानंतर समोर आला की वाट बदलायचा.

दीडेक वर्षाने धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी गरोदर बायकांची रांग लागली होती. मी मान खाली घालून सुई भरत होते. तेवढ्यात ओळखीचा आवाज आला. सुंदरम्मा होती. पांढऱ्या कपाळाची, आधीपेक्षा भरलेली, हाताशी पोटुशी लेक. तिने मला पाहिलं आणि लेकीला दंडाला धरून मागे ओढलं.

"नागम्मा, हिचा हात लावून घिऊ नगं. तुझ्या अप्पाला हिनंच मारलं."

पुटपुटली नाही ती. रांगेतल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल असं खणखणीत बोलली. तिच्या बोलण्यात तिळभरही शंका नव्हती. त्या दिवशी मदतीला आलेल्या प्रेमलाला मी आतल्या खोलीतून हाक मारून बोलावलं, भरलेली सुई तिच्या हातात दिली आणि बाजूला सरकले.