पावसाळा लागेपर्यंत

"अहो, इथं मी झोपते," आत्या एसी बसवायला आलेल्या माणसाला म्हणाली. "तुमचं हे धूड माझ्या उशाशी ठेवणार का?"

तो बिचारा बाबांकडे बघायला लागला. बाबा मोबाइलकडे. सोसायटी बाहेरच्या भिंतीला काही लावू देत नाही, त्यामुळे एसीचं गरम हवा फेकणारं यंत्र शेवटी आमच्या बंदिस्त गॅलरीतच बसलं. तिथं आत्याची खाट आहे आणि तिची माशांची टाकी.

शालनआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात पेशंटना नंबर देता देता तिची नोकरी संपली. मग दवाखान्याचं नूतनीकरण निघालं आणि तिथले गोल्डफिश कुणालाच नको झाले. आत्यानं ते बादलीत घातले आणि बादली मांडीवर घेऊन रिक्षानं विश्रांतवाडीला आमच्या घरी आणले. मासे अजूनही तुझ्याकडे नंबर लावून उभे असतात, असं मी तिला चिडवते. ती हसत नाही, पण तिला आवडतं.

गोल्डफिशना गार पाणी लागतं. एप्रिल आला की आमच्या फ्रीजरमध्ये भाजीला जागा नसते, नुसत्या पाण्याच्या बाटल्या. गोठलेली बाटली टाकीत तरंगत सोडायची, झाकण काढायचं, टेबलफॅनचं तोंड पाण्यावर वळवायचं. घरात टेबलफॅन एकच. आत्या स्वतः पुठ्ठ्यानं वारा घेते.

एसी लागला आणि आमचा हॉल महाबळेश्वर झाला, गॅलरी भट्टी. बाटल्या बघता बघता वितळायच्या. एका सकाळी एक मासा उलटा तरंगत होता. आत्यानं तो कागदात गुंडाळून कुंडीत पुरला आणि कुणाला एक शब्द बोलली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

एसी घेतला होता तो भाग्यश्रीताईला बघायला येणाऱ्यांसाठी. घाम पुसत पोहे कोण खाईल, असं आईचं म्हणणं. मग तिला सुचलं की टाकी हॉलमध्ये ठेवली तर शोभेल. आणि लगेच पुढचंही सुचलं.

"वन्सं, तुम्ही तेवढा वेळ मैत्रिणीकडे जाऊन या ना. लोक उगाच खोदून विचारतात, यांचं का नाही झालं, घराण्यात काही आहे का."

"म्हणजे मासे चालतात, मी नाही," आत्या म्हणाली.

मी तोंड उघडलं, तर तिनं मला हातानंच गप्प केलं. नव्या जागी मासे बुजतात, त्यामुळे त्यांना सोडून ती कुठंही जाणार नव्हती. थोडा विचार करून ती आईला म्हणाली, "टाकी पावसाळा लागेपर्यंत हॉलमध्येच राहील. कबूल असेल तर मी गॅलरीत बसते. आवाज करणार नाही."

आईनं लगेच कबूल केलं.

रविवारी पाहुणे आले. एसी फुल. आणि मासे काय पळत होते! इतके दिवस तळाशी मरगळून पडलेले, आता या काचेपासून त्या काचेपर्यंत सुसाट. मला नाचावंसं वाटत होतं. मुलाची आई तर टाकीपाशीच रमली. ही हौस कुणाची, असं तिनं विचारलं. आमच्या भाग्यश्रीची, आई म्हणाली. ताईनं मान खाली घालून हो म्हटलं.

"आत्याचे आहेत ते," मी म्हणाले.

मुलाच्या आईनं विचारलं, आत्या कुठं असतात? बाबा म्हणाले, गावाला. बाबा. सख्खा भाऊ. मी उठले, पडदा सरकवला आणि गॅलरीचं दार उघडलं.

गरम हवेचा लोट तोंडावर आला. आत्या इस्त्रीची साडी नेसून, केस नीट विंचरून खाटेच्या कडेला बसली होती. चेहरा लालबुंद, ब्लाउज घामानं भिजून गेलेला. पाहुण्यांनी तिला पाहिलं, तिनं पाहुण्यांना.

"चल ना बाहेर," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या खांद्यावरून ती टाकीकडे बघत होती.

"दार लाव," ती म्हणाली. "गार हवा बाहेर जातेय."

मी हलले नाही. मग ती उठली, पाहुण्यांना रीतसर नमस्कार केला आणि दार आतून ओढून घेतलं.